फोटोच्या कडेची माणसे

(साखरा येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



शेजारच्या खोलीत जे फोटो मांडले आहेत त्यांच्याबद्दल मी दोन शब्द बोलावेत, अशी संस्थेच्या कार्यकर्त्यांची इच्छा आहे. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झालो. पण त्या फोटोंपैकी एकात मी स्वतः उभा आहे, त्यामुळे बोलण्याचा थोडा अधिकार मला पोहोचतो असे समजून उभा राहिलो आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी दोन महिने घरोघर हिंडून हे फोटो गोळा केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे अभिनंदन करतो. कोणाच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, कोणाच्या लग्नाच्या अल्बममधून, तर कोणाच्या गाथोड्यातल्या पोथीच्या पानांतून हे फोटो बाहेर आले. आपण ते पाहिलेच आहेत. त्यात लग्ने आहेत, नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन काढलेले फोटो आहेत, काळा झगा घालून हातात पदवीची गुंडाळी घेतलेले फोटो तर पुष्कळच आहेत. मात्र हातात घण, फावडे किंवा टोपले असलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो सगळ्यांत मिळून फक्त चार सापडले. हे असे का झाले, तेवढेच मला आज सांगायचे आहे.

मित्रहो, त्या काळी फोटो काढणे ही चैनीची बाब होती, हे एक कारण झालेच. पण फोटो काढले गेले तरी ते जपले गेले नाहीत, हे दुसरे कारण आहे, आणि त्याला आपणच जबाबदार आहोत. माझ्यापुरते बोलायचे तर मी स्वतः जबाबदार आहे. ती हकीकत पुढे सांगतो.

आधी तरुण मुलांसाठी त्या दिवसांची थोडी माहिती देणे भाग आहे. १९७२ साली पाऊस गेला. त्याआधीची वर्षेही धड नव्हती. खरीप गेले, रब्बी गेली, विहिरींनी तळ दाखवला. आपला भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो पुढे १ मे १९९९ रोजी. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध आणि खडी फोडणे अशी ती कामे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर जाणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. आकडा ऐकून काही वाटत नाही, म्हणून असे समजा की गावेच्या गावे सकाळी उठून कामावर जात आणि गावात म्हातारी माणसे आणि कुत्री तेवढी राहत.

खायला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी होती. तिला लोक मिलो म्हणत. कामावर सुकडी वाटली जाई. आज सुकडी म्हटले की म्हातारी माणसे हसतात आणि हसता हसता गप्प होतात.

त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी ती आधी करून पाहिली होती. १९७७ साली तिचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा त्याचा गाभा. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. म्हणजे त्या फोटोतल्या माणसांनी नुसती खडी फोडली नाही. एवढ्या मोठ्या संख्येने ती कामावर हजर राहिली म्हणून काम मागण्याचा हक्क कागदावर आला.

आता फोटोविषयी. मार्च १९७३ मध्ये मी मॅट्रिकची परीक्षा दिली. परीक्षा संपली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कामावर गेलो. गावापासून दोन कोसांवर काम होते. आमच्या टोळीत आम्ही पाच जण मॅट्रिकला बसलेले होतो आणि दोघे जण कॉलेजात शिकत होते. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले ते थेट कामावरच आले. त्यांतल्या एकाने आल्याबरोबर विचारले, "मस्टरवर नाव घालायला कोणाला भेटायचं?" घरात जेवला की नाही, ते मला आठवत नाही.

खडी फोडण्याचे काम मोजून असे. मोठे दगड घणाने फोडायचे, मग बसून हातोडीने बारीक करायचे, आणि चौकोनी ढीग रचायचा. ढिगाची लांबी, रुंदी, उंची मोजून किती ब्रास झाले ते लिहीत, आणि त्यावर आठवड्याचा पगार निघे. हातोडी चुकली की बोट जाई. कपच्या डोळ्यांत उडत. बोटांना चिंध्या बांधून आम्ही बसत असू. दुपारी ऊन इतके असे की दगड हातात धरवत नसे. आम्हा शिकलेल्या पोरांना एक काम आपोआप मिळाले. मुकादमाने ढीग मोजला की आम्ही तो परत मोजायचा आणि हिशेब तोंडी करून बायाबापड्यांना सांगायचा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. माझ्या गणित शिकवण्याची सुरुवात तिथेच झाली, असे मी पुढे वर्गात मुलांना सांगत असे. मात्र ती कुठे झाली, ते मी बरीच वर्षे सांगितले नाही.

मे महिन्यात मस्टर लिहिणाऱ्या कारकुनाचा मेहुणा पाहुणा म्हणून आला. त्याच्याजवळ अॅग्फा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा होता. एका रोळात बारा फोटो निघत. त्यातला एक त्याने आमच्यावर खर्च केला. फोटो काढायचा म्हटल्यावर आम्ही काय केले, ते ऐका. एकाने केस ओले करून भांग पाडला. दोघांनी मिळून एकाचेच घड्याळ आळीपाळीने घातले, पण फोटो एकच निघाला, म्हणून दुसरा रुसला. आणि आम्ही सगळ्यांनी घण आणि टोपली पाठीमागे सारली. खडीचा ढीग झाकला जाईल असे उभे राहिलो. फोटो नीट पाहिलात तर दिसेल की आम्ही सहलीला आलेल्या मुलांसारखे उभे आहोत. फक्त पायांकडे पाहू नका. पाय सगळे सांगतात.

फोटोत उजव्या कडेला एक मुलगी आहे. डोक्यावर भरलेले टोपले आहे. ती फोटोसाठी उभी राहिलेली नाही, कामावरून जाताना फोटोत आली आहे. ती माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती तेव्हा वीस वर्षांची होती. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हते म्हणून सुटली, आणि तो धाकटा मी.

त्या उन्हाळ्यात अक्काला आठवड्याला तेरा-चौदा रुपये मिळत. मला तिच्यापेक्षा थोडे कमी पडत, कारण माझा हात बसलेला नव्हता. निकाल लागला, मी पास झालो. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेजात जायचे ठरले. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली तिथे मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या आपल्या मुलांना ती वाट माहीत झाली होती. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, तीही मिळणार होती. पण शिष्यवृत्तीचा पैसा हातात पडेपर्यंत प्रवेशाचे पैसे, वह्यापुस्तके, एस.टी.चे भाडे आणि पहिल्या महिन्याची खाणावळ घरातूनच करावी लागे. ते पैसे अक्काने तिच्या पगारातून दिले. माझ्या पगारातून घरात दाणे आले आणि तिच्या पगारातून मी शिकायला गेलो. असा तो हिशेब आहे. मी गणिताचा मास्तर, पण हा हिशेब मांडायला मला फार वर्षे लागली.

१९८४ साली मला नोकरी लागून काही वर्षे झाली होती. घर बांधले, आणि बैठकीत लावायला तो फोटो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने विचारले, "कडेला ही बाई अर्धवट आलीय, ठेवायची का काढायची?" मी म्हणालो, "काढून टाका." फ्रेम आली. त्यात सात तरुण एका माळावर उभे आहेत. कोणी विचारले तर मी सांगत असे, "कॉलेजात असतानाचा आहे." तो फोटो माझ्या भिंतीवर चाळीस वर्षे होता. अक्का दर दिवाळीला, दर जयंतीला येई आणि त्याच भिंतीखाली बसून चहा घेई. ती कधी काही बोलली नाही.

या प्रदर्शनासाठी मुले माझ्याकडे आली तेव्हा मी ट्रंक उघडली आणि तो मूळचा छोटा फोटो सापडला. मागे नावे लिहिलेली नव्हती. मुलांनी विचारले, "सर, हे कोण कोण?" मला चारच नावे सांगता आली. बाकीची आठवेनात. मग आम्ही तो घेऊन अक्काकडे गेलो. तिने फोटो उजेडात धरला आणि सातही नावे घडाघडा सांगितली. कोण कोणाचा, कोणाची हातोडी कोणी उसनी नेली, कोणाला ऊन लागून तो दोन दिवस पडून होता, सगळे सांगितले. मागे धूसर दिसणाऱ्या तिघी बायाही तिने नुसत्या उभे राहण्यावरून ओळखल्या. मग कडेला बोट ठेवून म्हणाली, "ही मीच का रे? टोपलं बघ किती भरलंय." मी काही बोललो नाही. तर ती म्हणाली, "तुझ्या भिंतीवरल्या फोटोत मी नव्हते, म्हणून मला वाटलं तो दुसरा असंल."

मित्रहो, तिने हे रागाने म्हटले नाही. तिला खरोखरच तसे वाटले होते. त्यामुळे मला उत्तर देता आले नाही.

आपल्यात शिकलेल्या माणसाला अंगमेहनतीच्या आठवणीची लाज का वाटते, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावर मेहनत लादली गेली आणि त्याच मेहनतीवरून हिणवले गेले. तेव्हा शिकून सावरलेला माणूस घण पाठीमागे सारतो, यात नवल नाही. पण घण लपवताना तो धरणारे हातही लपतात, आणि त्यांत बहुतेक हात आपल्या आयाबहिणींचे असतात. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर बाया फार मोठ्या संख्येने होत्या. त्यांची नावे मस्टरवर होती, पण मस्टर आज कोणाच्या घरात आहे?

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ते परदेशात शिकत होते तेव्हा रमाबाईंनी मुंबईत कसे दिवस काढले, हे आपल्या घराघरात सांगितले जाते. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुढे बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. एवढ्या मोठ्या राजकीय ग्रंथाच्या आरंभी त्यांनी आपल्या पत्नीचे नाव लिहिले. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही, हे रयत शिक्षण संस्थेत शिकलेला प्रत्येक विद्यार्थी जाणतो. तिथल्या 'कमवा आणि शिका' योजनेतल्या मुलांनी शेतात, बांधकामावर काम करून पदव्या घेतल्या आणि ते अभिमानाने सांगितले. मोठ्या माणसांनी कडेच्या माणसांना कापले नाही. कापले ते माझ्यासारख्यांनी.

ही गोष्ट आपल्यापुरती आहे असेही नाही. माझा नातू मला परवा मोबाईलवर काही फोटो दाखवत होता. अमेरिकेच्या उत्तरेला अलास्का नावाचा अतिथंड, दूरचा प्रदेश आहे. तिथे उन्हाळ्यात सॅल्मन नावाचे मासे नद्यांत येतात आणि ते डब्यांत भरण्याचे कारखाने समुद्रकाठी, वस्तीपासून लांब चालत. शंभर वर्षांपूर्वी, १९२० आणि १९३० च्या दशकांत, फिलिपाईन्समधून शिकायला गेलेले तरुण दर उन्हाळ्यात सिॲटल शहरातून बोटीने तिकडे जात. मासे धुवायचे, डबे भरायचे, खोकी उचलायची आणि त्या पैशावर पुढची फी भरायची. मधले ठेकेदार पगारात हात मारत. ते तरुण स्वतःला 'अलास्केरो' म्हणवत. फोटो काढायला मात्र तेही कोट-टाय घालून उभे राहत. आमच्यासारखेच! पण त्यांनी एक गोष्ट केली. १९३३ साली सिॲटलमध्ये त्यांनी आपली कामगार संघटना उभी केली, आणि त्या संघटनेची कागदपत्रे, फोटो आज तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. त्यांची नातवंडे तिथे जाऊन आजोबांचा चेहरा शोधतात. आपल्या नातवंडांनी कुठे जायचे?

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याशी थोडे. तुमच्यातले कित्येक जण याच महिन्यांत हळदीच्या कामावर जातात. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, पोती मोंढ्यावर न्यायची. आपल्या जिल्ह्याची हळद नावाजलेली आहे, आणि तिच्या वाफेत तुमची परीक्षेनंतरची सुट्टी जाते. कोणी पुण्याकडे कारखान्यात ठेकेदारामार्फत दोन महिने जाऊन येतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण दुसरी बाजूही सांगतो. आम्ही खडी फोडून शिकलो म्हणून तुम्हीही फोडा, असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचे ऐकू नका. आमच्या टोळीतले सात जण फोटोत आहेत, त्यांतले तिघेच पदवीपर्यंत गेले. बाकीचे चौघे आमच्यापेक्षा कमी हुशार नव्हते. एकाचा हिशेब तर माझ्यापेक्षा पक्का होता. त्याचे वडील त्या साली आजारी पडले आणि तो कामावरच राहिला. मेहनतीने सगळे साधते असे सांगताना त्याचा चेहरा मला दिसतो आणि वाक्य अर्धे राहते. म्हणून संस्थेला माझी विनंती आहे की शिष्यवृत्तीचा पैसा येईपर्यंत लागणारी पहिली रक्कम गरजू मुलांना, आणि मुलींना आधी, उसनी देण्यासाठी एक छोटा निधी असावा. कोणत्याही अक्काला भावासाठी आपली शाळा सोडावी लागू नये.

फोटोंच्या बाबतीत चार साध्या सूचना करतो. एक, घरी गेल्यावर जुने फोटो काढा आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसून नावे विचारा. शिकलेल्यांना आधी विचारू नका, न शिकलेल्यांना विचारा, त्यांच्या ध्यानात जास्त असते. दोन, नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने लिहिले तर पुढे वण उमटतात. बाईचे नाव लिहिताना 'अमक्याची आई' असे न लिहिता तिचे स्वतःचे नाव लिहा. तीन, फोटो डिंकाने चिकटवू नका, प्लॅस्टिकमध्ये दाबून घेऊ नका. कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि मोबाईलवर दिवसाच्या उजेडात त्याची प्रत काढून संस्थेला द्या. आणि चार, फोटोच्या कडा कापू नका.

शेवटचे सांगतो. भिंतीवरची ती फ्रेम मी गेल्या महिन्यात उतरवली. मूळ फोटो पुन्हा मोठा करून घेतला, आणि तोच आज शेजारच्या खोलीत दाराजवळ लावला आहे. त्याखाली मुलांनी अकरा नावे लिहिली आहेत. अकरावे नाव माझ्या बहिणीचे आहे. ती आज समोर बायांमध्ये बसली आहे. चष्मा घरी विसरली म्हणते, तेव्हा तिला कोणी तरी जवळ नेऊन आपले नाव कुठे आहे ते दाखवावे.



जयभीम.